चारशे बारा पुस्तकांचे लेखक

माझ्यामुळे आष्टीचे बद्रीनाथ शेठ चारशे बारा पुस्तकांचे लेखक झाले. त्यांनी एकही लिहिलेलं नाही. एकही वाचलेलंही नाही, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं आणि सांगताना त्यांना काही वावगं वाटलं नाही. किराणा दुकानदार माणूस. त्यांनी वाचनालयाला एक लोखंडी कपाट दिलं होतं, एवढाच त्यांचा साहित्याशी संबंध.

हे कसं झालं ते सांगतो. म्हणजे गुन्हा कबूल करतो, पण जरा लांबून.

मी ग्रंथालयशास्त्र शिकलो. जालन्यात हे शिकलेल्या माणसाला लोक विचारतात, "मंग पुढं काय?" पुढं मला अकरा महिन्यांच्या कराराची नोकरी लागली. जिल्ह्यातल्या सगळ्या वाचनालयांची पुस्तकं एकाच ठिकाणी शोधता यावीत असा प्रकल्प होता. तुम्ही जालन्यात बसून चौकटीत पुस्तकाचं नाव टाकायचं, आणि ते जाफराबादला आहे की शहागडला, कुठल्या कपाटात आहे, हे समोर यायचं. त्यासाठी पुस्तकं गोळा करावी लागत नाहीत. पुस्तकांबद्दलची माहिती गोळा करावी लागते: नाव, लेखक, साल, पानं, जागा. हिला मेटाडेटा म्हणतात आणि गोळा करण्याला हार्वेस्टिंग, म्हणजे कापणी. जाफराबादच्या मावसभावाने हे ऐकून सोयाबीनसाठी माझा नंबर चार जणांना दिला. त्यातल्या दोघांची समजूत मी अजून काढू शकलेलो नाही.

काम असं चालायचं. प्रत्येक वाचनालयाला आम्ही एक कोरा ऑनलाइन तक्ता पाठवला. त्यांनी आपल्या जुन्या वहीतून तो भरायचा. रोज रात्री दोन वाजता आमचं मशीन सगळ्या वाचनालयांचे तक्ते आपोआप ओढून घ्यायचं आणि आमच्याकडच्या आदल्या दिवशीच्या नोंदी पुसून त्या जागी नव्या टाकायचं. 'लेखक' हा रकाना रिकामा असला तर मात्र ते नोंद घ्यायचंच नाही. हा नियम माझा. नवा होतो, अंगात उत्साह होता. बिनलेखकाचं पुस्तक ही काय भानगड, असं मी मीटिंगमध्ये म्हणालोही होतो, आणि आमच्या प्रकल्पप्रमुख अरुंधती मॅडमनी मान डोलावली होती. माझ्या बोलण्यावर कुणी मान डोलवायची ती पहिलीच वेळ. मी वाहवत गेलो.

मार्चच्या शेवटी आष्टीच्या नवपालवी सार्वजनिक वाचनालयातून फोन आला. ग्रंथपाल संपतराव.

"सायेब, आमच्या वहीत लेखकाचा रकानाच न्हाई. पुस्तकाचं नाव हाय, साल हाय, पानं हायेत, आन् कपाट हाय."

"मग पुस्तकं उघडून बघा ना काका."

"एकाच कपाटात चारशे बारा हायेत. आन् तुम्ही म्हणून राह्यले उद्या शेवटची तारीख."

"काका, काहीतरी भरा. रिकामं ठेवू नका."

पुढे कधी माझ्यावर चौकशी बसली तर हे एवढंच वाक्य पुरेल.

नवपालवीत कपाटांना नंबर नाहीत. ज्याने कपाट दिलं त्याचं नाव दारावर रंगवलेलं असतं. 'बद्रीनाथमध्ये बघा', 'ते गयाबाईत असल' असं तिथे बोलतात, आणि वहीतही तसंच लिहितात. संपतरावांनी रिकाम्या रकान्यात कपाटाच्या दारावरचं नाव भरलं आणि खालपर्यंत ओढत नेलं. रात्री दोनला मशीनने ते घेतलं. सकाळी जिल्ह्यात एक थोर लेखक जन्माला आलेला होता. शेळीपालन, शिवचरित्र, लोणची, इंग्रजी व्याकरण, 'बाळंतिणीची काळजी' भाग दोन. आवाका पाहून मलाच दडपण आलं.

मी हसलो. मित्रांना दाखवलं. जुलैत एका शाळेने आमच्याच साइटवर शोधून 'जिल्ह्यातील सर्वाधिक ग्रंथांचे लेखक' म्हणून शेठचा सत्कार केला. शेठला वाटलं, कपाटाबद्दल आहे. उशिरा का होईना आठवण ठेवली म्हणून ते दोन शब्द बोलले. तो फोटोही मी मित्रांना पाठवला.

ऑगस्टमध्ये भावनाताई आल्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, चाळिशीच्या. सोबत वडील, तातेराव. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. कडक इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेनं, आणि चेहऱ्यावर पाहुण्याच्या घरी आल्यासारखं हसू. वडिलांना खुर्चीत बसवून ताई मला बाजूला घेऊन गेल्या.

"बाबांनी एक पुस्तक लिहिलंय. एकोणनव्वद साली. बहात्तरच्या दुष्काळात माझी आज्जी आष्टीला खडी फोडायला जायची, त्याच्यावर. 'मायचा हातोडा' नाव. तीनशे प्रती काढल्या आणि सगळ्या वाटून टाकल्या. घरातली शेवटची प्रत एका पाहुण्यांनी वाचून देतो म्हणून नेली आणि पाहुणेच वारले."

"वाचून झालं होतं का?" मी विचारलं. मला असंच सुचतं.

त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "दीड वर्ष झालं, बाबांना विसरायला होतंय. आधी चष्मा, मग घराचा रस्ता. आता म्हणतात, मी कुठं पुस्तक लिवलं, मी कंडक्टर माणूस. सर, त्यांनी आयुष्यात ही एकच गोष्ट स्वतःसाठी केली. ती त्यांच्या हातातून जाऊन राहिली आहे. मला एकदा त्यांना दाखवायचंय, त्यांचं नाव, छापलेलं. अजून वाचता येतंय तोवर."

मी त्यांना मशीनपुढे बसवलं. तातेरावांनी एका बोटाने स्वतःचं पूर्ण नाव टाईप केलं. तिकीट फाडण्याआधी नोट उजेडात धरून बघावी तसं ते नीट तपासलं आणि बटण दाबलं.

शून्य नोंदी.

"पुस्तकाचं नाव टाका बाबा," ताई म्हणाल्या.

एक नोंद आली. 'मायचा हातोडा'. १९८९. पानं ११२. नवपालवी सार्वजनिक वाचनालय, आष्टी. लेखक: बद्रीनाथ.

तातेरावांनी ती ओळ दोनदा वाचली. मग मागे टेकले, अगदी समाधानाने. "बघ. मी म्हणलं न्हवतं? शेठचं हाय ते. आपल्या आष्टीचे किराण्याचे शेठ. तू उगंच माझ्या मागं लागल्ती."

ताईंनी माझ्याकडे बघितलं.

"टायपिंगची चूक आहे," मी म्हणालो. "उद्यापर्यंत होईल दुरुस्त."

खरं तर मी तेव्हाच दुरुस्त केलं. ते जिना उतरेपर्यंत 'लेखक: तातेराव' झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघितलं तर पुन्हा बद्रीनाथ. रात्री दोनला मशीनने आष्टीचा तक्ता ओढला होता आणि माझी दुरुस्ती पुसून टाकली होती.

अरुंधती मॅडमकडे गेलो.

"मूळ नोंद आष्टीची आहे, स्वानंद. आपण फक्त गोळा करतो."

"पण मॅडम, चुकीचं गोळा होतंय."

"गोळा बरोबर होतंय. चूक तिथं आहे."

"तिथला तक्ता उघडून द्या मग."

"तो मार्चलाच प्रमाणित होऊन बंद झालाय. उघडायचा तर पुराव्यासकट अर्ज हवा. पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो, लेखकाचं नाव दिसेल असा."

"लेखकाने स्वतः लिहून दिलं तर?"

मॅडमनी खरंच विचार केला. वाईट नव्हत्या त्या. "चालेल की. फक्त तो लेखक आहे हे नोंदीत दिसायला हवं."

मग मी रोज सकाळी दहाला ऑफिस उघडलं की पहिलं काम ते करायला लागलो. बद्रीनाथ खोडायचं, तातेराव लिहायचं. तातेराव रोज सकाळी दहा ते रात्री दोन लेखक असत. त्यानंतर शेठ. दोघांची शिफ्ट लागली होती म्हणा ना.

मी ताईंना फोन करून सांगितलं, दहानंतर कधीही दाखवा.

"दहानंतर?" त्या म्हणाल्या. "सर, बाबा पहाटे पाच ते आठ बरे असतात. तेव्हा त्यांना सगळं आठवतं, आज्जीच्या लुगड्याचा रंगसुद्धा. दहाला ते मला मॅडम म्हणतात."

"मी फोटो काढून पाठवतो स्क्रीनचा. सकाळी सहाला दाखवा."

पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: बाबा म्हणाले, असले फोटोवाले पास लई पाह्यले. एकतीस वर्षांत त्यांनी दोनशेच्या वर खोटे पास पकडले होते. ते सहाला ताईंच्या मोबाइलवर स्वतः नाव टाकायचे, आणि सहाला शेठची शिफ्ट असायची.

असे तीन आठवडे गेले. घरून दुरुस्ती करता येत नव्हती, ते फक्त ऑफिसच्या मशीनवरून व्हायचं, आणि ऑफिसची चावी शिपायाकडे, शिपाई बदनापूरला. मी त्याला पहाटे यायची विनंती केली. तो म्हणाला, एका माणसाच्या नावासाठी? त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. त्याला खरंच कळेना.

सप्टेंबरात ताईंचा फोन आला. आवाज सपाट. "काल बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं, आष्टीच्या शेठनं माझ्या मायवर पुस्तक लिवलंय म्हणून. पेढे द्यायला निघाले होते. आता तर पहाटेपण हेच म्हणतात. सर, आपण आष्टीला जाऊ. ते पहिलं पान तरी आणू. त्यांच्या हातात देऊ."

रविवारी सहाच्या परतूर गाडीने निघालो. तातेराव चढले ते सरळ कंडक्टरच्या सीटवर जाऊन बसले. गाडीचा कंडक्टर पोरगेलासा होता, त्याने बघितलं, ओळखलं असावं, आणि पूर्ण रस्ता उभा राहिला. मधल्या एका थांब्यावर चढलेल्या म्हातारीने तातेरावांकडेच तिकीट मागितलं. त्यांनी तिला बसायला जागा करून दिली आणि पुढचे सगळे थांबे ओळीने सांगितले. एकही चुकला नाही.

मी ताईंच्या शेजारी होतो. सांगून टाकलं.

"ताई, तो लेखकाचा रकाना सक्तीचा मीच केला होता. आणि काहीतरी भरा असंही मीच म्हणालो होतो."

त्या खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत म्हणाल्या, "आमचं हजेरीचं ॲप पण रिकामं सोडू देत नाही. मी पण भरते काहीतरी." मग म्हणाल्या, "तुम्ही हसला होता का?"

"कधी?"

"शेठचं नाव चारशे बारा वेळा बघून."

"हो."

"हसण्यासारखंच आहे म्हणा," त्या म्हणाल्या.

परतूरहून जीपने आष्टी. पोचायला पावणेनऊ वाजले. नवपालवी म्हणजे बाजारगल्लीत एक खोली, चार कपाटं, एक टेबल, आणि टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. धूळ बसू नये म्हणून पिशवी, आणि पिशवी काढावी लागू नये म्हणून मार्चपासून तो चालू केलेला नव्हता. संपतराव दारातच होते.

"या, या. जयभीम दादा, बसा. सायेब, तुम्ही तर लईच लहान हायेत. फोनवर मोठे वाटल्ते."

"काका, 'मायचा हातोडा'."

"बद्रीनाथमध्ये हाय." संपतरावांनी किल्ली लावली, दाराला लाथ घातली, दार उघडलं. खालच्या फळीवरून त्यांनी एक पुस्तक काढून फडक्याने पुसलं. तपकिरी पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर कागदाची चिठ्ठी, नाव हाताने लिहिलेलं. फक्त पुस्तकाचं.

ताईंनी उघडलं. पहिलं पान, पान पाच.

पुन्हा उघडलं. मागून बघितलं. शेवटचं पान एकशे दहा.

"पहिली पानं कुठं आहेत?" मी विचारलं.

"ते बाइंडर काढून टाकतो."

"का?"

"पहिलं पान फाटतंच सायेब, शेवटचंबी. लोक तिथूनच उघडतात. म्हणून ते आधीच काढायचं, मंग फाटत न्हाई." संपतरावांनी अभिमानाने कपाटाकडे हात केला. "चारशे बारात एक फाटकं पान दाखवा मला."

मी दहाबारा पुस्तकं काढून बघितली. एकालाही पहिलं पान नव्हतं. शिवचरित्र थेट स्वारीपासून सुरू होत होतं. बाळंतिणीचं पुस्तक तिसऱ्या महिन्यापासून.

"आत कुठंतरी बाबांचं नाव असेल," ताई म्हणाल्या. त्या उभ्याउभ्याच पानं उलटत होत्या. पुस्तकभर 'मी' होता. मी मायमागं गेलो. मी पाणी नेलं. मुकादम मला म्हणाला. हा मी म्हणजे कोण, ते पहिल्या पानावर होतं.

तातेराव स्टुलावर शांत बसले होते. ताई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या आणि वाचायला लागल्या.

"'माय दगडावर बसण्याआधी दगडावरची धूळ पदराने पुसायची. जसा काही पाहुण्यासाठी पाट मांडायचा आहे.'"

तातेरावांनी मान हलवली.

"'संध्याकाळी मुकादम ढीग मोजत आला. म्हणाला, तुझा ढीग लहान आहे. माय म्हणाली...'"

ताई थांबल्या. मुद्दाम.

"माय म्हणाली," तातेराव म्हणाले, "ढीग लहान हाय, पर दगूड मोठा व्हता."

संपतरावांनी ताईंच्या खांद्यावरून वाकून पानावर बोट ठेवलं. "बराबर! बिलकुल बराबर हाय! अक्षरसुदिक इकडचं तिकडं न्हाई!"

ताईंनी पानं उलटून दुसरीकडून एक ओळ वाचली. त्यांनी पुढची सांगितली. अजून एक. तीही. पान नव्वदवरची मोठी एक ओळ होती, हातोड्याच्या दांड्याला माय कसं फडकं गुंडाळायची त्याची. ती त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत म्हटली. मला वाटलं, झालं. मी मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. हा पुरावा कुठल्या रकान्यात बसवायचा ते माहीत नव्हतं, पण बसवला असता.

"बाबा," ताई रडत होत्या आणि हसतही होत्या, "बघा, तुम्हाला सगळं येतंय. कुणी लिहिलंय हे? सांगा."

तातेरावांनी विचार केला. चेहरा उजळला. "तरी म्हणलं शेठला हे कसं ठावं! माय ज्वारी आणाय त्यांच्या दुकानात जायची. तिनंच सांगितलं असल. भावना, माय घरी कव्हा एक शबुद बोलली न्हाई त्या खडीवरचा. मला वाटायचं, कुणालाच सांगितलं न्हाई तिनं. सगळं पोटात घिऊन गेली." त्यांनी पुस्तक लेकीच्या हातातून घेऊन छातीशी धरलं. "बोलली म्हणायची कुणाशीतरी."

रेकॉर्डिंग चालूच होतं. मी बंद केलं.

"मला शेठकडं न्या," तातेराव म्हणाले. "जल्दी चला. दुकान उघडलं असल."

"बाबा, घरी जाऊ," ताई म्हणाल्या.

"हात जोडून येतो. एवढं केलं त्यांनी मायसाठी."

ते स्वतःच निघाले. ज्यांना घराचा रस्ता सापडत नव्हता त्यांनी आष्टीच्या बाजारात दोन वळणं बरोबर घेतली, आम्ही तिघं मागं, आणि दुकानासमोर पायरीच्या खाली जाऊन उभे राहिले. एक पायरी चढली की दुकानच. पण ते खालीच थांबले.

बद्रीनाथ शेठ गल्ल्यावर होते. सत्तरीपुढचे, अंगात बनियन, कानावर पेन. मागे भिंतीवर सत्काराचा फोटो. "हे जालन्याचे कॉम्प्युटरवाले सायेब," संपतरावांनी माझी ओळख करून दिली.

"वर या की," शेठ म्हणाले.

"न्हाई, इथंच बरा हाय. माय इथंच उभी राह्यची."

बरण्या पुसणाऱ्या बाईने हात थांबवला.

तातेरावांनी दोन्ही हात जोडले, पुस्तक हातांच्या मध्ये. "शेठ, माझ्या मायवर लिवलं तुम्ही. कुणी लिवलं न्हवतं. आमच्यातलं कुणी शिकलंच न्हवतं तेवढं. लई उपकार झाले."

शेठ उठले. पायरी उतरून खाली आले. आधी तातेरावांकडे, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला ओढून दुकानाच्या कोपऱ्यात मिठाच्या पोत्यांपाशी घेऊन गेले.

"हे काय हाय?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "मी फक्त कपाट देल्तं हो. तेबी पोराच्या लग्नात एक जास्तीचं आल्तं म्हणून. शाळेनं शाल घातली, म्हणलं, घालून राह्यले तर घालू द्या. पर हे... हा माणूस मला हात जोडून राह्यला. माझा बाप ह्यांच्यातल्या कुणाला या पायरीवर चढू देत नव्हता, मी सोत्ता पाह्यलंय. मी कशाला मायवर लिहितो ह्यांच्या? मला ती बाई आठवतबी न्हाई."

"सांगा मग त्यांना," मी म्हणालो.

"तुम्ही सांगा. तुमचं कॉम्प्युटर हाय."

आम्ही दोघं मिठाच्या पोत्यांशी उभे राहिलो. कुणीच सांगितलं नाही.

परत आलो तेव्हा तातेरावांनी खिशातलं एक पेन काढून ठेवलं होतं. पुस्तकाचं पहिलं पान उघडलं होतं, म्हणजे पाचवं. "शेठ, सही द्या ह्याच्यावर. मोठे लेखक देतात."

शेठनी पेन हातात घेतलं नाही. ताईंकडे बघितलं. "ताई, मी न्हाई लिवलं हे. तुम्हाला ठावं हाय."

ताई वडिलांकडे बघत होत्या. तातेराव पायरीखाली उभे, मान थोडी वाकडी, तोंडावर असा आनंद की बघवत नव्हता. पहाटेचे पाच वाजून गेले होते, आठ वाजून गेले होते, साडेनऊ झाले होते, आणि त्यांनी अजून लेकीला मॅडम म्हटलं नव्हतं.

"शेठ मोठे हायेत, म्हणून असं बोलतात," तातेराव लेकीला म्हणाले.

ताईंनी डोळे पुसले. "करा सही, शेठ."

"ताई..."

"करा."

शेठनी सही केली. उधारीच्या वहीत करतात तशीच, वळणदार, खाली दोन रेघा. संपतराव वाकून बघत होते. "चांगलं झालं," ते मला म्हणाले, मनापासून. "आता पुस्तकावर नाव हाय. सायेब, फोटो घ्या ना. पुरावा लागतो म्हणला व्हता."

मी फोटो घेतला नाही. पण ते महत्त्वाचं नाही. पुस्तक संपतरावांबरोबर परत जाणार होतं आणि सही शाईची होती.

तातेरावांनी सही अक्षर लावून वाचली. मग हळूच विचारलं, "शेठ, माय काय म्हणायची हितं उभी राहून?"

शेठनी पायरीकडे बघितलं. "जास्त बोलत न्हवती."

"हां," तातेराव म्हणाले. "बराबर. जास्त बोलतच न्हवती ती." त्यांना फार बरं वाटलं. आणि मग, जायला वळता वळता, "दुसरं कव्हा लिवताव?"

"दुसरं?"

"एवढ्यात कुठं सरतं? लई राह्यलंय अजून. पार राह्यलंय."

ताई झटक्यात पुढे झाल्या. त्यांनी वडिलांचे दोन्ही दंड धरले. "काय राहिलंय बाबा? मला सांगा. मी लिहून घेते. आत्ता, इथंच. काय राहिलंय?"

तातेराव लेकीकडे बघत राहिले. ओठ हलले. बरण्यावाली बाई, संपतराव, मी, शेठ, सगळे त्या ओठांकडे बघत होतो. मग त्यांनी अदबीने स्वतःचा हात सोडवून घेतला.

"ते मला कसं ठावं असल मॅडम," ते म्हणाले. "शेठला विचारा."